खुर्चीत कोण बसले होते

गेल्या महिन्यात मी सिंगापूरहून परतलो. मी पुण्यात उतरण्यापूर्वीच माझ्या प्रवासाचे वर्णन येथे येऊन पोहोचले होते, आणि तेही तीन निरनिराळ्या पाठांत. पहिला पाठ माझे जावई समीर यांचा. त्यानुसार मी व्हीलचेअरमध्ये तांदूळ बसवला आणि स्वतः पायी हिंडलो. दुसरा माझा मेहुणा बंडू याचा. त्यानुसार मी माझ्या धडधाकट बायकोला, कुंदाला, खुर्चीत बसवून जिथे तिथे रांगा चुकवल्या. तिसरा आमच्या सोसायटीच्या बाकावर तयार झाला असून त्याचा कर्ता अज्ञात आहे. त्यानुसार शेवटच्या दिवशी खुर्ची कुंदाच्या हातून निसटली आणि मी एका झाडात जाऊन थांबलो.

या तिन्ही पाठांत सत्याचा अंश आहे, आणि तीच त्यांतील सर्वांत आक्षेपार्ह बाब होय. निव्वळ असत्य असते तर मी लेखणी उचलली नसती.

ज्यांनी सिंगापूर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी प्रथम पासविषयी सांगतो. आमची मुलगी मुग्धा तेथे एका वित्तसंस्थेत हिशेबाचे काम पाहते आणि आता तेथील नागरिक आहे. नागरिकांच्या आईवडिलांना तेथे दीर्घ मुक्कामाचा पास मिळू शकतो. त्याला मुदत असते, आणि मुदत संपत आली की तो वाढवून घ्यावा लागतो. भोसरीच्या यंत्रकारखान्यातील आरेखन विभागातून मी निवृत्त झालो, तेव्हापासून अर्धे वर्ष पुणे आणि अर्धे वर्ष सिंगापूर असा आमचा क्रम होता. गेल्या वर्षी माझा खुबा मोडला. मी पडलो असे सर्वजण म्हणतात. स्नानगृहातील फरशी ओली होती. तिने माझ्याशी जे केले त्याला ‘पडणे’ म्हणणे हा फरशीच्या बाजूने केलेला पक्षपात आहे. शस्त्रक्रिया उत्तम झाली. मी काठी घेऊन चालतो. मी सावकाश चालतो असेही म्हणतात, पण त्यांनी माझ्याबरोबर चालून पाहिलेले नाही. ते पुढे निघून जातात.

कुंदाचा पास आदल्या वर्षीच वाढवून झाला होता. माझा राहिला होता. मुग्धाने फोनवर सुचवले की या वेळी तो संपू द्यावा. विमान, तपासणी, कार्यालयातली हजेरी, एवढे सगळे बाबांना झेपणार नाही. त्यापेक्षा आम्हीच पुण्याला येत जाऊ. बंडूला हे पटले. समीर यांना पटले. कुंदा स्वयंपाकघरात गेली, आणि घरात भांड्यांचा फार आवाज होऊ लागला.

सिंगापूरला कुंदा एकटी बाहेर पडते. सकाळी इमारतीखाली शेजारच्या चिनी बायकांबरोबर पंखा हातात घेऊन व्यायाम करते, एकटी बसने भाजी आणते, एकदा तर एकटी जाऊन समुद्र पाहून आली. पुण्यात रस्ता ओलांडताना ती माझा हात धरते, आणि तो हात आता काठीत गुंतलेला आहे. मला मागे ठेवून ती जाणार नाही हे मला पक्के ठाऊक होते. माझ्या खुब्यापायी तिचे सिंगापूर बंद व्हावे हे मला मान्य नव्हते. तिला मी तसे सांगितले नाही. तिला मी सांगितले की मुग्धाचा तर्क सदोष आहे.

अखेर मुग्धाने एका अटीवर अर्ज भरायचे कबूल केले: बाहेर पडताना मी व्हीलचेअर वापरावी. मी वचन दिले. खुर्चीत बसण्याचे वचन कोणी मागितले नव्हते.

चोआ चू कांग

विमानाचे वर्णन मी करणार नाही. विमानात सगळेच अपंग असतात.

मुग्धाचे घर पश्चिमेकडे, चोआ चू कांगला, अकराव्या मजल्यावर आहे. दार उघडताच घडी घातलेली निळी खुर्ची भिंतीला टेकून माझी वाट पाहत होती. माझी नात ईरा, वय वर्षे चौदा, हिने ती उलगडून दाखवली. मी खुर्चीच्या मागे जाऊन मुठी धरल्या आणि दिवाणखान्यातून एक फेरी मारली. काठीपेक्षा हे कितीतरी सरस होते! दोन्ही हातांना आधार, खाली चार चाके आणि शेजारी ब्रेक. बसण्याची जागा मोकळी राहिली, हा आरेखनकर्त्याचा प्रश्न होता.

“आजोबा, पीपल विल थिंक द चेअर इज युअर्स, ला,” ईरा तिथल्या लकबीत म्हणाली.

“खुर्ची माझीच आहे,” मी म्हणालो. “मी तिला चालवतो आहे.”

येथे एक शास्त्रीय दोष उद्भवला. रिकाम्या खुर्चीच्या मुठींवर भार टाकला की तिची पुढची चाके उचलली जातात आणि ती मागे, म्हणजे चालवणाऱ्याच्या अंगावर, कलंडते. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मला याचा प्रत्यय आला. समीर ‘बाबा पडले’ असे म्हणत धावत आले. मी पडलो नव्हतो. मी फ्रिजला टेकलो होतो. उपाय उघड होता. आसनावर पुरेसे वजन हवे. मी घरात सर्वत्र नजर फिरवली. नजर कुंदावर स्थिर झाली.

“माझ्याकडे काय बघताय?” ती म्हणाली.

मी तिला तरफेचा नियम समजावून सांगितला. तिने तो शेवटपर्यंत ऐकला, लुगड्याच्या निऱ्या सावरल्या आणि खुर्चीत बसून पाय पट्टीवर ठेवले. “चला,” ती म्हणाली. “पण गचके नकोत.”

खाली, इमारतीच्या तळमजल्यावर, भिंती नसलेले मोकळे दालन असते. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. लग्न, मयत, बुद्धिबळ आणि कुंदाच्या मैत्रिणींचा व्यायाम, सगळे तेथेच चालते. आम्ही त्या दालनातून तीन फेऱ्या मारल्या. पंखेवाल्या बायकांनी व्यायाम थांबवून कुंदाला काय झाले म्हणून चौकशी केली. कुंदाने सांगितले की तिला काही झालेले नाही, नवऱ्याला झाले आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिले, खुर्चीकडे पाहिले आणि फार गंभीरपणे माना डोलावल्या.

नोव्हेना

वैद्यकीय तपासणीसाठी नोव्हेनाला जायचे होते. तो भाग म्हणजे डॉक्टरांचीच पेठ आहे. मुग्धा कामावर, समीर कामावर. आम्ही दोघेच निघालो. रस्ता ओलांडायच्या ठिकाणी तेथील वृद्धांसाठी एक सोय आहे: आपले कार्ड खांबाला लावले की सिग्नलमधला हिरवा माणूस जास्त वेळ चमकतो. ते कार्ड पासवाल्यांना मिळत नाही. त्यामुळे मला तरुणांच्या वेळेत रस्ता पार करावा लागला, आणि मी केला. शेवटच्या क्षणी कुंदा “पळा” म्हणाली. तिच्याशिवाय तेथे कोणीही घाबरलेले नव्हते.

एमआरटीत, म्हणजे तेथील मेट्रोत, लिफ्टने फलाटावर जाता येते आणि डबा फलाटाच्या पातळीत येऊन थांबतो. उंबरा नाही, फट नाही; ज्याने हे मोजले त्याला मी मनोमन नोकरी देऊ केली. एका तरुणाने मला जागा दिली. मी नम्रपणे नाकारली. नंतर गाडी सुरू झाली आणि मी बसलो. ते प्रवेगाचे कार्य होते.

बंडूच्या आरोपाचा उगम येथून पुढे आहे. दवाखान्यात शिरताच एक नर्स लगबगीने आली, तिने वाकून कुंदाच्या खांद्यावर हात ठेवला, “आँटी, डोन्ट वरी,” म्हणाली, मला बाकाकडे बोट दाखवले आणि खुर्ची घेऊन आतल्या मार्गिकेत दिसेनाशी झाली. माझा आधार, माझी पत्नी आणि पत्नीच्या मांडीवर ठेवलेली माझी कागदपत्रे एकदमच गेली. माझ्याकडे काठी होती, तिचा उपयोग मी पुकारा करण्यासाठी केला.

कुंदा एक्स-रेच्या दारापर्यंत पोहोचली. वाटेत तिला पाणी मिळाले, गुडघ्यांवर शाल मिळाली. दारात नाव पुकारले गेले ते पुरुषाचे, तेव्हा कुठे उलगडा झाला. नर्स हसत हसत परत आली आणि माझी क्षमा मागू लागली. मी कुंदाला विचारले, तू शाळेत तीस वर्षे इंग्रजी शिकवलेस, तुला एक वाक्य बोलता आले नाही?

“आलं असतं की,” ती शालीची घडी घालत म्हणाली. “पण इतक्या मायेनं कोण ढकलतंय मला? तुमचं आपलं गाडी हाकल्यासारखं.”

रांग आम्ही चुकवली नाही. रांगेनेच आम्हाला चुकवले. नंतर माझा क्रमांक आला तेव्हा मी माझ्या पायांनी आत गेलो, छाती फुगवून उभा राहिलो, आणि तंत्रज्ञाने ती थोडी कमी फुगवायला सांगितले.

जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखाली मांडलेल्या खाण्याच्या दुकानांत, आम्ही खायला बसलो. तेथे टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट ठेवले की ती जागा राखीव झाली; मालक दहा दुकाने हिंडून येईपर्यंत कोणी तिला हात लावत नाही. आमच्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात. फरक एवढाच की आमच्याकडे रुमालानंतर भांडण सुरू होते आणि तेथे ते रुमालापाशीच संपते. भांडणाची माझी हौस सर्वश्रुत आहे, तरी ती पद्धत मला आवडली. कुंदाने नारळाचा गोड लेप लावलेला पाव मागवला, दोन तुकडे खाल्ले, तिसऱ्याच्या वेळी यात अंडे असते का असे विचारले. असते. तिने तिसरा तुकडा माझ्याकडे सरकवला आणि दुसऱ्याच्या आठवणीने बराच वेळ समाधानी दिसत होती. खाऊन झाल्यावर ताटे स्वतः नेऊन ठेवायची असतात. ताटे कुंदाच्या मांडीवर, कुंदा खुर्चीत, मी मागे. लोकांनी वाट दिली. पालखीला देतात तशी.

लिटल इंडिया

समीर यांचा तांदळाचा पाठ याच दुपारचा आहे. तपासणी उरकली, म्हणून कुंदाने लिटल इंडियाला जायचे ठरवले. चोवीस तास उघड्या असणाऱ्या मोठ्या दुकानापाशी ती खुर्चीतून उतरली, कारण बसून कोथिंबीर निवडता येत नाही. मी पुन्हा रिकाम्या खुर्चीसह उरलो. दहा किलो तांदळाच्या दोन पिशव्या घेऊन मी त्या आसनावर रचल्या. हा तांदूळ आंबेमोहर नाही, असे कुंदा म्हणाली. मी म्हणालो, तो शिजवण्यासाठी नाही, तोल राखण्यासाठी आहे. ती म्हणाली, मग मीठ का नाही घेतले, स्वस्त पडले असते. हा युक्तिवाद बरोबर होता, म्हणून मी पिशव्या नीट रचण्यात गढलो.

परतीला थेट बस मिळाली. बसचा चालक, जाडजूड चिनी गृहस्थ, खुर्ची पाहताच गाडी थांबवून खाली उतरला. दारातली फळी उलगडून त्याने फुटपाथवर टेकवली. मग तो खुर्चीकडे वळला.

“अंकल, हू सिटिंग?”

“राइस,” मी म्हणालो.

त्याने तांदळाकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले. मागे कोथिंबिरीची जुडी घेऊन उभ्या असलेल्या कुंदाकडे पाहिले. बसमधले सगळे उतारू माना वाकवून पाहत होते. मला वाटले, आता हा फळी उचलणार. त्याने खुर्ची आत नेली, खुर्च्यांसाठी राखलेल्या जागेत उलट्या तोंडाने लावली आणि ब्रेक घट्ट केला.

“राइस मस्ट फेस बॅक,” तो म्हणाला. “अंकल सिट. राइस ओके.”

नियमाचे एवढे निर्मळ पालन मी कारखान्यातही पाहिले नव्हते. तांदूळ पाठमोरा बसून चोआ चू कांगपर्यंत आला. मी त्याच्या समोर बसलो. त्याने एकदाही माझ्या खुब्याची चौकशी केली नाही, आणि संपूर्ण प्रवासात माझे सर्वांत जास्त त्याच्याशीच जमले.

पासचे कार्यालय

तपासणीचा अहवाल चांगला आला. आता फक्त कार्यालयात हजर राहून ओळख पटवायची होती: छायाचित्र, सही, बोटांचे ठसे. मुग्धाने अर्धी रजा काढली. कुंदा खुर्चीत, मी मागे, मुग्धा आमच्यापासून थोडी दूर. तिला लाज वाटत होती असे समीर म्हणतात. ती मार्ग मोकळा करत होती.

काउंटरमागे डोक्याला रुमाल बांधलेली एक तरुण मलाय मुलगी होती. तिने कुंदाकडे पाहून पासपोर्ट मागितला. मुग्धाने खुलासा केला. मी उभा राहून काचेवर बोट ठेवले. यंत्राने लाल दिवा दाखवला. मी पुन्हा ठेवले. पुन्हा लाल. मी तिला सांगितले की सकाळी गुडघ्यांना महानारायण तेल लावले होते, त्याचा हा दोष. तिने ओला रुमाल दिला. मी बोटे पुसली. लाल. मग मी यंत्राच्या काचेची उंची चुकली आहे असे निदर्शनास आणले. ती म्हणाली, “ट्राय अगेन, अंकल. स्लोली.”

खरे कारण मला कळले होते. सकाळपासून मी फार चाललो होतो, आता दोन्ही हात मोकळे ठेवून उभा होतो, आणि पाय कापत होते. पायांचे कापणे पाठीतून खांद्यात, खांद्यातून बोटात येत होते. बोट काचेवर थरथरत होते. ते सगळ्यांना दिसत होते. त्या मुलीने सौम्यपणे सांगितले की आज न जमल्यास दुसरा दिवस घेता येईल.

“बाबा, पुरे,” मुग्धा म्हणाली. तिचा आवाज हिशेबनिसाचा नव्हता, मुलीचा होता. “राहू दे ना तो पास. घरी जाऊ या. मला नाही बघवत.”

मी बोट पुन्हा काचेवर ठेवले. लाल. दुसऱ्या दिवशी येणे होणार नाही, हे मला माहीत होते. आज परत फिरलो की सगळे शहाणपणाने वागणार होते.

कुंदा खुर्चीतून उठली. तिने खुर्ची वळवली, माझ्या गुडघ्यांमागे आणून लावली आणि ब्रेक लावला. ब्रेक कसा लावायचा हे मीच तिला शिकवले होते.

“इतके दिवस तुमच्यासाठी मी बसले,” ती हळूच म्हणाली. “आता माझ्यासाठी तुम्ही बसा. मला यायचंय इथं परत.”

मी बसलो. याबाबत कोणताही पाठभेद नाही. मी बसलो, काचेची उंची अगदी योग्य निघाली, कोपर खुर्चीच्या हातावर टेकले, आणि बोट स्थिर झाले. हिरवा दिवा. दुसरे बोट, हिरवा. दहाही बोटे.

“कॅन,” ती मुलगी म्हणाली. सिंगापुरात या एका शब्दाला पूर्ण वाक्याचा दर्जा आहे. पास वाढवून मिळाला. मुग्धाने माझ्या डोक्यावर ओठ टेकवले. मी खुर्चीत बसल्यामुळे तिला ते सोयीचे झाले. मग ती डोळे पुसत कामावर गेली.

उतार

परतताना मी खुर्चीतच बसलो होतो. बंडू म्हणतो, नाइलाजाने. त्याने कुंदाला खुर्ची ढकलताना पाहिलेले नाही. ती भाजी आणायला निघाल्यासारखी भरभर चालत होती, स्टेशनांची नावे मोठ्याने वाचत होती, आणि ‘गचके आहेत का?’ असे मला मुद्दाम विचारत होती. होते. मी नाहीत म्हणालो.

मुग्धाच्या इमारतीशेजारी पदपथावरून खाली उतरणारी एक लांब उतरण आहे. खास खुर्च्यांसाठी बांधलेली, दोन्ही बाजूंना कठडा, उतार अगदी सौम्य, तळाशी सपाट जागा आणि पलीकडे जास्वंदीचे कुंपण. माथ्यावर कुंदा थांबली. दुपारची वेळ होती, चिटपाखरू नव्हते.

“अहो,” ती म्हणाली. “सोडू का?”

मी उतार पाहिला. चाके पाहिली. ब्रेकवर हात ठेवून पाहिला. आरेखनकर्ता या नात्याने मला त्या उतरणीत कोणताही दोष दिसला नाही.

“सोड,” मी म्हणालो.

खुर्ची तिच्या हातून निसटली नाही, हे मी येथे नोंदवून ठेवतो. तिने विचारले, मी अनुमती दिली, आणि मग तिने सोडली. खुर्ची प्रथम सावकाश निघाली, मग वारा लागला, मग कठड्याचे गज एकमेकांत मिसळू लागले, आणि माझ्या तोंडून एक आवाज निघाला. समीर त्याला किंकाळी म्हणतात. ते त्या दिवशी घरून काम करत होते आणि अकराव्या मजल्याच्या मार्गिकेतून त्यांनी हे पाहिले. तेवढ्या उंचीवरून हेतू दिसत नाहीत. मी हसत होतो. मागून चपलांचा आवाज येत होता आणि कुंदा हसत हसत धावत होती. पंचाहत्तरीची बाई, लुगडे वर धरून. तिला धावताना मी लग्नानंतर पाहिले नव्हते.

तळाशी मी ब्रेक लावला. खुर्ची नियमानुसार थांबली. जास्वंदीला पायांचा स्पर्श झाला, धडक नव्हे. एक फूल मांडीवर पडले, ते तसेही गळायलाच आले होते.

कुंदा येऊन पोहोचली. कठडा धरून ती धापा टाकत उभी राहिली, फूल उचलून अंबाड्यात खोचले आणि वर उतरणीच्या माथ्याकडे पाहिले. यापुढचा भाग तिन्ही पाठांत नाही, कारण समीर तोवर आम्हाला वाचवण्यासाठी लिफ्टकडे धावले होते.

“उठा,” ती म्हणाली. “आता मी बसते.”